तेलाखालची बिअर

ज्या बाईनं आयुष्यात बिअरचा घोट घेतला नव्हता, तिनं जर्मनीतल्या एका म्हाताऱ्याच्या बिअरमध्ये शेंगदाण्याचं तेल ओतलं. ही गोष्ट मी आजही कुणाला सांगितली की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग ह्यांच्याकडे. हे शांतपणे मान डोलावतात. "खरं आहे. बाटली मीच धरली होती."

तर ते कसं झालं ते सांगते.

दोन हजार सालानंतरची ती पहिली काही वर्षं. ह्यांना हेर्त्सोगेनआउराखमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअरची नोकरी लागली आणि लग्नानंतर काही महिन्यांनी मीही तिकडे गेले. घर मिळालं ते मात्र गावाबाहेरच्या एका खेड्यात. वरच्या मजल्यावर आम्ही, खाली घरमालक. माझं शिक्षण नववीपर्यंत. वडील गेले आणि बार्शीतल्या आमच्या घराला आईच्या लोणच्याच्या धंद्याचाच आधार उरला. कैरीच्या दिवसांत हात कमी पडायचे, म्हणून मी थोडे दिवस शाळा बुडवली. ते थोडे दिवस संपलेच नाहीत. ह्यांच्या मावशी आईकडून लोणचं न्यायच्या आणि पुण्याच्या होस्टेलवर ते हे खायचे. "मला आधी लोणचं पसंत पडलं, मग मुलगी," असं हे चारचौघांत सांगतात. मी लाजते, पण मनातल्या मनात त्या मावशींना अजून हात जोडते. एवढ्या शिकलेल्या घरानं मला कधी एका शब्दानं टोचलं नाही.

टोचायला मी स्वतःच पुरेशी होते. एर्लांगेनला मराठी मंडळींचा गणपती असायचा. तिथे आरतीनंतर पहिला प्रश्न ठरलेला. "तू कशात केलंस गं?" मी म्हणायचे, "मी घरीच." मग ती बाई "छान, छान" म्हणून दुसरीकडे वळायची. घरी फोन वाजला की मी स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायचे, जसं काही तो मला बघणार होता. कचऱ्याचे चार डबे होते, आणि दही खाल्ल्यावर त्या रिकाम्या डब्याचं काय करायचं ह्या विचारानं दही कडू लागायचं. हे सकाळी जायचे ते संध्याकाळी यायचे. मधल्या वेळात माझ्याशी बोलणारं कुणी नव्हतं.

त्या घराला खाली केलर होतं, म्हणजे तळघर. तिथे कपडे धुण्याची खोली. आमचा धुण्याचा वार मंगळवार. पहिल्या मंगळवारी मी कपड्यांची टोपली घेऊन खाली उतरले आणि दारातच थबकले. वास! मोड आलेली नाचणी वाळवून, भाजून, दळून तिचं सत्त्व शिजवताना येतो तो वास. आत वाफ भरलेली, आणि त्या वाफेत घरमालक एका मोठ्या पातेल्यात लाकडी उलथनं घालून उभे. उंच, वाकलेले, नाकावर चष्मा सरकलेला. कारखान्यात आयुष्यभर यंत्रावर काम करून निवृत्त झालेले. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली.

त्यांचं आडनाव मला उच्चारता यायचं नाही. म्हणून मी त्यांना "हेर फेरमीटर" म्हणायचे, म्हणजे "घरमालकसाहेब". त्यांना ते इतकं आवडलं की त्यांनी मला "फ्राऊ नाखबारिन" करून टाकलं, म्हणजे "शेजारीणबाई". दोघांची सोय झाली.

त्या दिवशी त्यांनी मला वॉशिंग मशीन लावून दिलं आणि मूठभर दाणे हातावर ठेवले. मी चावून बघितले. जव! मोड आणून वाळवलेले जव. "माल्त्स," ते म्हणाले. "माल्त्स," मी म्हणाले. माझा पहिला जर्मन धडा तो. मग हॉप्फन, ती कडू हिरवी फुलं. हेफे, म्हणजे यीस्ट. वर्गात बसले असते तर मी घाबरून मेले असते, पण तिथे पातेलं होतं, वाफ होती, ढवळायला उलथनं होतं. मी ढवळायचे, ते बोलायचे. मंगळवार सोडून इतर दिवशीही मी खाली जायला लागले. धुवायला काही नसलं तर पायपुसणी घेऊन जायचे.

आता मुख्य भानगड. घरमालकांची बिअर बिघडायची.

लगेच नाही. पहिले काही दिवस ती सोन्यासारखी असायची, वर जाड पांढरा फेस, जवाचा ताजा गोड वास. मी पीत नव्हते, पण नाक माझं आईनं घडवलेलं होतं. झाकण उघडल्याबरोबर कुठली बरणी आधी संपवायची ते मी सांगू शकायचे. पंधरा-वीस दिवसांनी त्याच बिअरला ओला पुठ्ठा वाळवल्यासारखा वास यायचा. रंग काळपट. चव कशी, म्हणून मी ह्यांना प्यायला लावलं. हे म्हणाले, "कार्टन चघळल्यासारखं वाटतंय."

त्या खेड्यात शरद ऋतूत केरवा असतो, म्हणजे तिथल्या चर्चची जत्रा म्हणा. गावातलं एकमेव गास्टहाऊस, म्हणजे खाणावळ, घरमालकांच्या धाकट्या बहिणीचं होतं. बहीणबाई ठेंगण्या, गोल, आणि जिभेला हाड नसलेल्या. दर केरव्याला त्या भावाचं एक पिंप आपल्या दारात लावायच्या. बिअर महिनाभर आधी करून मुरवत ठेवावी लागायची, आणि नेमकी त्या महिन्यातच ती बिघडायची. आम्ही राहायला येण्याआधीच्या केरव्यात तर लोकांनी एकेक घोट घेऊन ग्लास बाकाखाली सरकवले होते. संध्याकाळी बहीणबाईंनी उरलेलं पिंप जेरेनियमच्या वाफ्यात ओतलं.

"आणि जेरेनियम मेली," बहीणबाईंनी मला स्वतः सांगितलं. त्या रविवारी केक घेऊन आल्या होत्या.

"मेली नाहीत," घरमालक म्हणाले.

"आजारी पडली. मी बघितलंय. तुझी बिअर पिऊन माणसं उठून जातात, झाडांना तेवढी सोय नाही."

घरमालक हसले नाहीत. त्यांनी केकचा तुकडा काट्यानं इकडून तिकडे ढकलला आणि म्हणाले, "ह्या केरव्याला शेवटचं. ह्या वेळीही तसंच झालं तर सगळं देऊन टाकणार. तो पलीकडच्या गावातला माणूस केव्हाचा मागतोय. पातेलं, फ्रिज, पिंपं, सगळं. केलरमध्ये मग सायकली ठेवीन."

संध्याकाळी ह्यांनी मला ते नीट समजावून सांगितलं. सायकली! सायकलींशी मी काय बोलणार होते?

घरमालक दोष शोधत होते, पण चुकीच्या ठिकाणी. कधी म्हणायचे माल्त्स जुना आहे, कधी पाणी जड आहे, कधी यीस्ट आळशी. दर वेळी एक गोष्ट बदलायचे आणि दर वेळी तोच पुठ्ठा. ह्यांनी इंटरनेटवर घरी बिअर करणाऱ्यांचा एक फोरम शोधला. तिथे प्रत्येकाचं वेगळं मत आणि प्रत्येकजण दुसऱ्याला मूर्ख म्हणणारा.

मला मात्र त्या वासावरून सारखी आईची बडबड आठवायची. "तेल बोटभर वर पाहिजे गं. फोड उघडी पडली की हवा लागली, आणि हवा लागली की संपलं." घरमालक काय करायचे? आंबलेली बिअर प्लॅस्टिकच्या बादलीतून पिंपात ओतायचे, धो धो, फेस उडवत. मध्ये चार वेळा झाकण उघडून प्रेमानं आत डोकावायचे. आईनं हे पाहिलं असतं तर उलथनंच हाणलं असतं.

पण सांगायचं कसं? मी कोण? नववीवाली, लोणचंवाली, परक्या देशातली. दोन-तीन दिवस मी वर-खाली करत होते. शेवटी ह्यांनाच म्हटलं, "अहो, त्यांना सांगा ना, वरून तेल सोडा म्हणावं."

"कशात?"

"बिअरमध्ये."

हे म्हणाले, "अगं, बिअर आहे ती. कैरी नाही."

"हवेला काय माहीत?"

शनिवारी आम्ही तिघं केलरमध्ये उभे राहिलो. हे जर्मनमध्ये समजावत होते, मी हातवारे करत होते, आणि घरमालक चष्मा वर ढकलून आमच्याकडे आळीपाळीनं बघत होते.

"तेल," ते म्हणाले. "बिअरवर."

"या," मी म्हणाले, म्हणजे जर्मनमध्ये "हो".

"सॅलडवर घालतात ते?"

"या, या."

दुसरा कुणी असता तर हाकलून दिलं असतं. ते म्हणाले, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. "बाकी सगळं करून झालंय. हेच राहिलं होतं." मग दोन बाटल्या घेतल्या, त्याच बिअरच्या. एक त्यांच्या नेहमीच्या पद्धतीनं भरली. दुसरी मी नळी तळाशी टेकवून हळूच भरली, आवाज न करता, गळ्यापर्यंत, आणि वर आईच्या रीतीनं आधी कडकडीत तापवून गार केलेलं तेल सोडलं. बोटभर. हे बाटली धरून होते. दोन्ही बाटल्या बॉयलरजवळच्या उबदार फळीवर ठेवल्या, म्हणजे जे बिघडायचं ते लवकर बिघडेल.

ते दिवस कसे काढले ते माझं मलाच माहीत. मला आईचा सगळा आत्मविश्वास दिला होता देवानं, फक्त पहिली पाच मिनिटं. नंतर नुसती धाकधूक. रोज जाऊन त्या फळीकडे बघून यायचे.

बाटल्या उघडल्या त्या दिवशी नेमक्या बहीणबाई आल्या. आधी नेहमीची बाटली. पुठ्ठा. सवयीचाच. मग माझी. घरमालकांनी ती ग्लासात ओतली, आणि एक बुडबुडा नाही! फेसाचा मागमूस नाही. एखाद्या तळ्यासारखी सपाट बिअर, आणि वर तेलाचा पिवळा तवंग फिरतोय.

"आल्मेख्ट!" बहीणबाई ओरडल्या. म्हणजे "अरे देवा". "हे काय, सूप?"

फेस नसलेली बिअर म्हणजे त्या भागात काय, हे मला तेव्हा कळलं. आपल्याकडे न फुगलेली पुरी पाहुण्याला वाढावी तसं. तेलाचा थेंब लागला तरी फेस मरतो, हे तिथल्या शेंबड्या पोराला माहीत असतं. मला माहीत नव्हतं. माझे कान तापले. "एंटशुल्डिगुंग, एंटशुल्डिगुंग," माफ करा, माफ करा, एवढंच मी म्हणत राहिले. माझ्यामुळे ह्यांचंही हसं झालं असं वाटून मी जिन्याकडे सरकायला लागले.

"थांबा," घरमालक म्हणाले.

ते ग्लासात नाक खुपसून उभे होते. पुन्हा हुंगलं. मग चमच्यानं तेल बाजूला सारून खालचा एक घोट घेतला. बहिणीच्या हातात ग्लास दिला. "हुंग."

"मी नाही. मला आज संध्याकाळी जिवंत राहायचंय."

"हुंग म्हणतो ना!"

बहीणबाईंनी हुंगलं. त्यांच्या कपाळावरची आठी गेली आणि तिथे दुसरीच आठी आली. "पुठ्ठा कुठाय?" त्या म्हणाल्या.

पुठ्ठा नव्हता! तोच माल्त्स, तेच पाणी, तेच यीस्ट, तीच ऊब. तेलाखाली बिअरला ताज्या जवाचा वास होता, पहिल्या आठवड्यातला. घरमालक खुर्चीवर बसले आणि मांडीवर थापा मारत हसायला लागले. "साउअरश्टॉफ! साउअरश्टॉफ!" ऑक्सिजन. इतकी वर्षं ते माल्त्सवाल्याला शिव्या घालत होते, आणि चोर रोज त्यांच्याच हातानं झाकण उघडून आत येत होता.

"छान," बहीणबाई म्हणाल्या. "आता फक्त सूप प्यायला गिऱ्हाईक शोध."

पण आता कामाला तोंड फुटलं होतं! तेल नको, पण तेलाचं काम करणारं काहीतरी हवं. तो उन्हाळा आठवला की मला अजून हुरूप येतो. घरमालक सकाळीच खालून पाइपवर टकटक करायचे, म्हणजे या. हे ऑफिसातून आले की बूट न काढता केलरमध्ये. जेवणं तिथेच. कपडे धुण्याच्या मशीनवर ताट ठेवून घरमालकांनी पहिल्यांदा वरणभात खाल्ला तो त्याच दिवसांत. लोणचं दिलं तेव्हा त्यांनी आधी त्याच्यावरच्या तेलाला मान लववून नमस्कार केला.

पहिली गेली ती प्लॅस्टिकची बादली. तिच्या जागी एक मोठं स्टीलचं पिंप आलं, भंगारवाल्याकडचं, पण झाकण घट्ट. झाकणाला घरमालकांनी दोन तोंडं बसवली, एक वायूसाठी, एक बिअरसाठी, म्हणजे झाकण उघडायचं कारणच उरू नये. "पण मग बघणार कसं?" ते मलाच विचारायचे, लहान मुलासारखे. "बघायचं नाही," मी सांगायचे. "नाइन." लोणचं मुरताना आई आम्हा बहिणींना बरणीच्या खोलीतच जाऊ द्यायची नाही.

मग प्रश्न दुसऱ्या पिंपाचा, ज्यात बिअर मुरायची. ते रिकामं म्हणजे हवेनं भरलेलं. त्यात कितीही हळू ओता, हवा आहेच. ह्यांनी फोरमवर शोधलं, आणि कुणीतरी लिहिलेलं वाचून रात्रीचं जेवण तसंच टाकून खाली पळाले. हे दुसरं, लहान पिंप आधी काठोकाठ पाण्यानं भरायचं. बिअर आंबताना जो वायू सुटतो तो नळीनं ह्या पिंपात सोडायचा. वायू पाण्याला दुसऱ्या नळीनं बाहेर ढकलतो. सगळं पाणी गेलं की आत उरतो फक्त बिअरचाच श्वास. हवा नाही.

म्हणजे बिअरनंच आपल्यासाठी घर झाडून ठेवायचं. मला हे इतकं आवडलं की मी टाळी वाजवली.

पण पिंप काठोकाठ भरलं तरी झाकणाखाली हवेची एक कपची राहायची. घरमालक पाणी ओतायचे, झाकण लावायचे, हलवून बघायचे, आत डुबुक आवाज. पुन्हा. पुन्हा डुबुक. मग त्यांनी आतली छोटी नळी कापून आखूड केली, म्हणजे वायूचं तोंड अगदी छताला भिडेल. मी पिंप तिरकं धरलं, बरणी धरतात तसं, आणि रबरी हातोडीनं बाहेरून ठोकत गेले. ठक, ठक, ठक. बुडबुडे एकेक करून वर आले. आम्ही दोघांनी कान लावून पिंप हलवलं. आवाज नाही! ह्यांनी तिकडून विचारलं, "काय झालं?" आम्ही दोघांनी एकदम बोट ओठावर ठेवलं.

मोठ्या पिंपात बिअर आंबायला घातली. एक दिवस काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी खाली गेले तर नळीच्या टोकातून बादलीत पाण्याचा थेंब. मग थेंब. मग बारीक धार. आत, कुणालाही न दिसता, ते जिवंत काहीतरी फुंकर घालत होतं आणि पिंपातलं पाणी बाहेर येत होतं. मी धावत वर जाऊन ह्यांना ऑफिसात फोन केला. ज्या फोनला मी हात लावायला घाबरायचे त्या फोनवरून, आणि उचलणाऱ्या बाईशी जर्मनमध्ये बोलले. "बिटे, माइन मान." कृपया, माझा नवरा. हे घाबरून आले फोनवर. "काय झालं गं?"

"अहो, पाणी येतंय!"

"कुठून? पाइप फुटला?"

"नाही हो! बिअर ढकलतेय!"

पलीकडून ह्यांचं हसू ऐकू आलं, आणि मग हे तिथल्या कुणाला तरी जर्मनमध्ये सांगताना. त्या बाईनंही पुढे महिनाभर बिअरची चौकशी केली म्हणे.

एक संकट आम्ही थोडक्यात चुकवलं. आंबत आलेली बिअर गार करायला पिंप फ्रिजमध्ये ठेवायचं होतं. हे फोरम वाचून म्हणाले, गार झाली की बिअर आकसते, पिंप आत श्वास ओढतं आणि बाहेरची हवा घेतं. म्हणजे इतकं करून चोराला मागच्या दारानं आत! घरमालक डोकं धरून बसले. मग उठून गेले आणि परत आले ते वाढदिवसाचे फुगे घेऊन. वायू सुटत असतानाच लाल फुगा नळीला बांधून त्यात थोडा भरून घेतला. पिंप फ्रिजमध्ये, शेजारी फुगा. जशी बिअर गार होत गेली तसा फुगा सुरकुतत गेला. बाहेरची हवा ओढण्याऐवजी बिअर आपलाच वायू परत घेत होती.

बहीणबाईंनी फ्रिज उघडला आणि विचारलं, "आत कुणाचा वाढदिवस आहे?"

"बंद कर!" आम्ही तिघंही ओरडलो.

शेवटचं काम, मोठ्या पिंपातून लहान पिंपात बिअर नेणं. ह्या वेळी धो धो नाही. दोन नळ्या. एकीतून बिअर खाली जाणार, दुसरीतून लहान पिंपातला वायू वर मोठ्यात येणार, म्हणजे दोघांच्या मध्ये बाहेरच्याला शिरकावच नाही. घरमालकांनी खटका उघडला. मी नळीला हात लावला, गार होती, वाहत होती. पण दोन्ही पिंपं स्टीलची. किती भरलं, थांबलं का, गळतंय का, काहीच दिसेना. घरमालकांचा हात झाकणाकडे गेला. जुनी सवय. मी त्यांचा हात धरला. माझ्या वडिलांच्या वयाच्या, परक्या पुरुषाचा हात! आणि तेवढ्यात मला दिसलं. बाहेर दमट उकाडा होता, आत बर्फासारखी बिअर. लहान पिंपाच्या बुडाशी बाहेरून दव जमलं होतं, सरळ रेघेत, आणि ती रेघ वर चढत होती.

"अहो, बघा! बघा!" मी मराठीतच ओरडले.

त्यांना कळलं. आम्ही तिघं जमिनीवर मांडी घालून बसलो, घरमालक गुडघ्यांना शिव्या देत, आणि दवाची रेघ चढताना बघत राहिलो. खांद्यापर्यंत आली तेव्हा त्यांनी खटका बंद केला. डोळ्यांत पाणी होतं. ते म्हणाले वाफ आहे. केलरमध्ये त्या दिवशी वाफ नव्हती.

आणि मग केरवा. पिंप घेऊन गास्टहाऊसच्या अंगणात गेलो. बाकं, झाडं, उंच रंगीत खांब, बँडवाले चामड्याच्या चड्ड्यांत. घरमालकांनी पिंपाबरोबर वायूची एक छोटी बाटलीही आणली होती, कारण बिअर काढताना रिकाम्या जागेत हवा जायला नको. बहीणबाई कमरेवर हात ठेवून उभ्या.

"हे काय?"

"वायू. वरून दाब देतो, म्हणजे..."

"माझ्या दारात केरव्याला पिंपाला खाली नळ ठोकतात आणि वरची खिट्टी उघडतात. आजोबांपासून. हे काय इस्पितळ आहे, पेशंटला नळ्या लावायला?"

"अगं, हवा जाईल आत! महिनाभर आम्ही..."

"जाऊ दे जायची तर."

भाऊबहीण हमरीतुमरीवर आले. मी ह्यांच्या मागे. घरमालकांचा चेहरा पांढरा पडला होता. इतके महिने ज्या हवेला दाराबाहेर ठेवलं तिला बहीणबाई खिट्टी काढून आत बोलावणार होत्या. बहीणबाईंनी वायूची बाटली उचलून बाकाखाली ढकलली, खाली नळ बसवला आणि वरचं तोंड उघडलं. फुस्स. तो आवाज मला माझ्याच छातीतून आल्यासारखा वाटला.

पहिला ग्लास. वर फेस, जाड, पांढरा, काठाबाहेर फुगलेला. बहीणबाईंनी हुंगलं. प्यायल्या. तोंडावरची माशी हलली नाही. ग्लास खाली ठेवला, दुसरा भरला आणि बँडच्या तुतारीवाल्याला दिला. तिसरा पोस्टमनला. मग त्यांनी आमच्याकडे बघितलंच नाही, कारण रांग लागली होती.

मी बाकांखाली बघत होते. कुणी ग्लास सरकवतंय का? एकही नाही. तुतारीवाला परत आला. त्याच्या मागे सबंध बँड आला, वाजवायचं सोडून. पोस्टमननं बायकोला बोलावलं. घरमालक पिंपाला टेकून उभे होते, कुणीतरी त्यांच्या पाठीवर थाप मारून गेलं, आणखी कुणी, आणि ते नुसते चष्मा पुसत होते. मग नळातून फसफस आवाज आला. फेस. मग तोही थांबला.

रांगेतले लोक बघत राहिले. बहीणबाईंनी पिंप हलवलं. रिकामं. हवेला आत शिरून काही बिघडवायला वेळच मिळाला नव्हता.

"संपली?" बहीणबाई भावावर कडाडल्या. "एवढीशीच आणलीस? अजून जत्रा सुरू नाही झाली! आता ह्यांना काय पाजू, पाणी?"

घरमालकांनी इतकं चांगलं काही त्यांच्याकडून आजवर ऐकलं नव्हतं, हे त्यांच्या चेहऱ्यावरूनच कळत होतं. पलीकडच्या गावातला तो माणूस रांगेत होता, त्याला ग्लास मिळालाच नाही. "ते सामान," तो म्हणाला, "कधी येऊ न्यायला?"

"कुठलं सामान?" घरमालक म्हणाले.

रिकामं पिंप आम्ही दोघांनी एकेका कानाला धरून घरी आणलं. मागून हे, नळ्या खांद्यावर टाकून. पूर्ण रस्ता घरमालक बोलत होते, पुढची गडद करायची, हिवाळ्याची, जास्त माल्त्सची. मला निम्मं कळत होतं. "पुढच्या वेळी दोन पिंपं," ते म्हणाले. "काय, फ्राऊ नाखबारिन? दोन?"

मला कधी कुणी असं विचारलं नव्हतं, माझ्या उत्तरावर काही ठरणार असल्यासारखं. मी थोडा विचार केला.

"तीन," मी म्हणाले.